घरी चल

परगावाहून निघताना लेकरांना नावानं हाक मारायची, म्हणजे त्यांचा जीव मागं रेंगाळत नाही, अशी आशाबाईंच्या माहेरची रीत. सन अठ्ठावन्नची दिवाळीची सुट्टी संपवून मुंबईहून नागपूरच्या विमानात चढताना त्यांनी शिडीवरूनच हाक दिली, "चल रे मुकुंदा, घरी! चल वं कुसुम, घरी!" मग त्या शहराकडं वळून तिथंच थांबल्या.

मागं उभे असलेले अमरावतीचे नत्थुजी हसले. "काहो बाई, दोन्ही लेकरं तं पदर धरून उभी हायेत. मंग कोणाले बोलावून राहिल्या?"

असल्या हाकांची एरवी लाज वाटणारे आशाबाईंचे यजमान, अकोल्याचे उद्धवराव वकील, शिडीवर थांबले.



शहराकडं वळून, याच सुट्टीत तिथं तापानं गेलेल्या धाकट्या लेकाला त्यांनी मोठ्यानं हाक मारली, "चल रे दिगू, घरी!"