रावसाहेबाची तिरडी

“कट!” आदेश ओरडला आणि रावसाहेबाची तिरडी चौथ्यांदा देवळापाशी मागे फिरली. तिरडीवरचा हिरो उठून बसला, नाकातला कापूस काढला आणि त्यानं पाणी मागितलं.

या वेळी घोळ कुंडलिकनं घातला होता. त्याला सांगितलं होतं, तिरडी समोरून जाताना तंबाखू मळत तोंड फिरवायचं. त्यानं तंबाखू टाकली, चप्पल काढली आणि सरळ जाऊन तिरडीला खांदा दिला. त्याआधी किराणावाल्या मदनलालची पाळी झाली होती. सिनेमावाल्यांनी त्याचं शटर झाकून जुन्या काळच्या लाकडी फळ्या बसवल्या होत्या. तिरडी दिसली तसा मदनलाल उठला आणि दोन फळ्या लावून मोकळा झाला. मयत जाताना दुकान उघडं कसं ठेवायचं, असं त्यानं आदेशलाच उलट विचारलं. पहिल्या दोन वेळा पुरुषांनी टोप्या काढल्या होत्या आणि बायकांनी डोळ्यांना पदर लावले होते.

सिनेमातली गोष्ट नव्वद वर्षांपूर्वीची. पाणक्याचा पोरगा गोऱ्या साहेबाच्या मर्जीनं रावसाहेब होतो, मोठ्या घरची बायको करतो, आपल्याच माणसांना ओळख देईनासा होतो आणि एक दिवस धाडकन खाली येतो. शेवटी त्याची तिरडी भर गावातून जाते आणि कुणी ढुंकूनही बघत नाही. एवढाच सीन राहिला होता. गावाला अभिनय येत नव्हता असं मुळीच नाही. रावसाहेब घोड्यावर बसून गावात येतो तो सीन कालच झाला. हार, गुलाल, जयजयकार, सगळं पहिल्याच टेकला ओके.

आदेश दिग्दर्शक असला तरी वयानं तिशीतला. तो माजी सरपंच गेणभाऊंकडे गेला. गेणभाऊंनीच चार खेटे घालून ही कंपनी गावात आणली होती. गाव सांगाल ते करील असा शब्द दिला होता आणि त्याच्या बदल्यात पडद्यावर पहिल्यांदा गावाचं नाव झळकणार होतं. तशी पाटी त्यांनी मंचरच्या चौकात आधीच लावून टाकली होती.

“काका, ऊन उतरलं. आता एकच टेक मिळेल. नाही झालं तर उद्या जुन्नरकडच्या गावात जातो. मग नाव त्यांचं लागेल.”

गेणभाऊंनी छाती पुढेच ठेवली.

“राव, तुमी पुण्याची माणसं. आमच्याकडं वैऱ्याच्या मयतालाबी गाव लोटतंय. ह्या गावातनं अशी तिरडी कधी गेलीच न्हाई, तर दाखवायची कशी? आमाला जमतच न्हाई ते.”

लोकांनी माना डोलावल्या. कुणीतरी टाळीही वाजवली. आदेशला ऐकून भरून आलं, पण भरून येण्यानं सीन होत नसतो. तो घड्याळाकडे बघू लागला.

“मी उभं करू का ह्यांना?”

साळुबाई उठली होती. बाई सत्तरीच्या पुढची. गर्दीत बसायला आली होती, घरचंच नऊवारी लुगडं नेसून. ही सावळेरामची बायको. सावळेराम म्हणजे मंचरच्या मार्केटात कांद्याच्या गोण्या उचलता उचलता आडत्या झालेला, गावात पहिली जीप आणणारा, कुणाला खिजगणतीत न धरणारा आणि पुढं निवडणुकीत गेणभाऊंकडून पडलेला माणूस. पडला तो पडलाच. त्याला जाऊनही आता तीस वर्षं होत आली. बाई मळ्यातच राहते, गावात कामापुरती येते.

“जमेल तुम्हाला, आज्जी?”

“बघू की.”

ती तिरडीच्या चार पावलं पुढं जाऊन उभी राहिली आणि गल्लीकडे बघत बोलू लागली. आवाज चढवला नाही.

“भावजी, तुमी पाराव बसा. पाठ इकडं. गालाला साबण लावा, दाढी चाललीया असं दिसू द्या.”

गेणभाऊ जाऊन पारावर बसले.

“शेट, फळीला हात लावू नका. गिऱ्हाइकाला साखर मोजा. मोजताना हसा. भागूबाई, तू सूप घे, पाखडत ऱ्हा, मान वर करू नगंस. कुंडलिकभावजी, तुमी बैल पाजून आणताय. वाट अरुंद हाय. बैल पुढं काढा. तिरडी थांबंल.”

आदेशला ते बैलांचं फार आवडलं. त्यानं कॅमेरा लगेच हलवला. एरवी कोपऱ्यात उभं केलं तर तास न् तास वाद घालणारी माणसं गुमान आपापल्या जागेवर गेली. कुंडलिक बैलांचे कासरे धरून खाली बघत होता.

टेक झाला. वस्तरा गालावरून फिरला, साखर तराजूत पडली, सूप वाजत राहिलं. बैल रमतगमत निघून जाईपर्यंत तिरडी भर वाटेत थांबली आणि मग पुढं गेली. कुणाचीही मान वळली नाही.

“ओके!” आदेश नाचायचाच बाकी होता. धावत साळुबाईकडे आला आणि तिच्या पायाला हात लावून म्हणाला, “आज्जी, कमाल केलीत! इतकं बारीकसारीक सुचलं कसं हो तुम्हाला?”

साळुबाईनं पदर सारखा केला.

“सुचायचं काय त्यात, बाळा? आमच्या ह्यांच्या वक्ताला विस्तवाचं मडकं धरून पुढं मीच चालत व्हते. तिथनं समदं गाव दिसतं.”