हूं की चूं

शिलाई मशीन थांबलं की ती कान टवकारायची. समोरच्या दारामागून फक्त टीव्हीचा आवाज येत होता.

"मावशी, अजून एकदा थांबवता का?"

"मघापासून तेच तर करतेय," शेजारची शिंपीण म्हणाली. तिच्या पायाशी शाळेच्या गणवेशांचा ढीग पडला होता. "तुझ्या ढब्बूच्या रडण्यापायी अख्खा वर्ग उघडा हिंडणार बघ."

ती हसली नाही. जिन्याच्या पलीकडे तिचंच घर होतं. आत तिचा दोन वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. आई गावाला गेली, असं ढब्बूला सांगितलं होतं. ती बॅग घेऊन, टाटा करून, जिना उतरली होती आणि चपला हातात धरून चोरासारखी परत वर आली होती.

ही तालीम नवऱ्याच्या डोक्यातून निघाली. डॉक्टरकीला तिला दोन ठिकाणी प्रवेश मिळाला होता. एक कॉलेज इथंच, बसच्या शेवटच्या थांब्यावर. नवंकोरं. इमारत चकचकीत, पण तिथल्या इस्पितळात पेशंट औषधालाही सापडत नव्हता. दुसरं रात्रभराच्या प्रवासावर. तिथं शिकलेल्या डॉक्टरची पाटी दिसली की लोक पुढची पाटी वाचत नाहीत. दोन्हींपैकी एक जागा आज ऑफिसं बंद व्हायच्या आत सोडायची होती. ती सकाळी एक म्हणायची, जेवताना दुसरं. शेवटी नवरा वैतागला.

"ढब्बूलाच ठरवू दे. दुपारभर तुझ्याशिवाय राहिला, तर लांबचं घे. आकांत केला, तर इथलं."

मोठ्या माणसानं इतकं सोपं काही सुचवलं की बरं वाटतं. तिलाही वाटलं होतं, काल.

"गप्प आहे म्हणजे चांगलंच की," शिंपीण म्हणाली.

"सासूबाई टीव्ही एवढा मोठा कधीच लावत नाहीत. त्यांचं डोकं उठतं."

"आज नसेल उठत." मशीन पुन्हा सुरू झालं. "आणि ते बटण बघ, खिशावर लावलंस. डॉक्टर होणार म्हणे. टाका कुठे घालशील, पेशंटला की स्वतःला?"

तिनं बटण उसवायला घेतलं. रडू नकोस रे राजा, ती मनात म्हणाली. आणि लगोलग, एकदा तरी रड की मेल्या.

शाळा सुटलेली मुलं जिन्यातून धडधडत वर गेली. तेवढ्यात तिचा धीर सुटला. ती उठली, जिन्याचा चौकोन ओलांडून तिनं बेलकडे हात नेला. बेल वाजायच्या आधीच दार उघडलं. सासूबाईंनी रिमोटचा हात पाठीमागं करून टीव्ही बंद केला. घर एकदम रिकामं झाल्यासारखं वाटलं.

"श्श. आत्ता डोळा लागलाय."

"रडला?"

"छे गं. हूं की चूं केलं नाही पोरानं. गाड्या खेळला, दूध प्यायला, झोपला. तुझी आठवणसुद्धा काढली नाही."

शेवटचं वाक्य नसतं तर तिनं विश्वास ठेवला असता.

तिनं पाहिलं. सासूबाईंचे केस एका बाजूनं सुटले होते. डावा खांदा ओलाचिंब होता. पलंगावर ढब्बू झोपला होता, मुठीत तिचा घरात घालायचा गाऊन. तो तिनं सकाळीच धुवायच्या कपड्यांत तळाशी टाकला होता.

"आई, तुमचा खांदा ओला आहे."

"भांडी घासत होते."

भांडी घासून खांदा भिजत नाही. दोघींनाही ते माहीत होतं. सासूबाईंनी नजर वळवली नाही.

"पोरं रडतातच गं," त्या म्हणाल्या. मग सावरून घेतलं, "म्हणजे, दुसऱ्यांची."

ती पलंगाच्या कडेला बसली. या मला जाऊ देताहेत, की घालवताहेत? त्या चेहऱ्याकडे बघून काही उमगेना. एकाच वेळी दोन्हीही असेल. उद्यापासून हा ओला खांदा त्यांचाच असणार होता, आणि तो कोरडा होईपर्यंत ढब्बूही त्यांचाच.

फोन वाजला. नवरा.

"काय गं, काय निकाल? मी इथं कॉम्प्युटर उघडूनच बसलोय. रडला का?"

तिनं सासूबाईंकडे पाहिलं. त्या खिडकीची कडी घट्ट आहे ना ते बघत होत्या. ती घट्टच होती.

"नाही," ती म्हणाली. "हूं की चूं केलं नाही."

"बघ! मी म्हणत नव्हतो? तूच उगाच जिवाला लावून घेतेस. मग इथली जागा सोडू ना? एकदा सोडली की गेली हं, मागाहून कुरकुर नको."

झोपेतच ढब्बूची छाती उचलली गेली. खूप रडून झोपलेल्या पोराला येतो तसा हुंदका, तीन तुकड्यांत फुटलेला. सासूबाई झेपावल्या. त्यांनी त्याला गाऊनसकट उचलून त्याचं तोंड ओल्या खांद्यात दाबलं आणि पाठीवरून हात फिरवत राहिल्या, भराभर.

"कसला आवाज गं तो?"

"टीव्ही," ती म्हणाली. "सोड तू."