तबकडीचे पाय

पडद्यावर ओळ आली, ‘चार दिवसांचं गणित दहा मिनिटांत’, आणि नगरच्या त्या कॉलेजच्या सभागृहात टाळ्या पडल्या. मुबश्शिराचे हात मांडीवरच राहिले.

पद्धत तिची होती. अँटेनाच्या मोठ्या तबकडीवर आदळून रेडिओलहरी कुठेकुठे विखुरतात, हे काढायला कॉलेजच्या संगणकाला चार दिवस लागत. तबकडीचे चारही चतकोर सारखे. तिनं एकाचंच गणित मांडलं आणि बाकीचे त्यावरून काढले. चार दिवसांची एक दुपार झाली. त्यापायी तिसगावच्या घरची ईद दोनदा हुकली होती.

दहा मिनिटं मात्र तिची नव्हती. तबकडीसमोरची, लहरी टिपणारी पेटी तोलून धरणारे चार लोखंडी पाय पालवे सरांनी गणितातून काढूनच टाकले होते. ते विभागप्रमुख होते, तिचे मार्गदर्शकही.

ती उठली. अँटेना बनवणाऱ्या कंपनीकडून इंजिनिअर मोनिका दहातोंडे आल्या होत्या. त्यांना म्हणाली, “मॅडम, या तबकडीला पाय नाहीत. पायांवरूनही लहरी विखुरतात.”

मंचावरून सर हसले. पाहुण्यांना पटकन कळावं म्हणून सोपं केलं, म्हणाले. विषय वेळ वाचवण्याचा होता आणि वेळ तर वाचला.

“मी वेळ वाचवलाय, सर. काम चुकवलेलं नाही.”

सरांनी तिला बाहेर जायला सांगितलं. ती जागची हलली नाही. पायांसकट किती वेळ लागेल, असं दहातोंडेबाईंनी विचारलं. एक दुपार, ती म्हणाली.

“मग मी थांबते.”

सर बाकीच्या पाहुण्यांना घेऊन जेवायला गेले. मुबश्शिरानं गणित सुरू केलं. रागानं तिची बोटं चुकीच्या कळांवर पडत होती.

ऊन उतरताना पडद्यावर आलेख उमटला. मधे उंच सुळका, दोन्ही बाजूंना पायांमुळे उठलेले लहान उंचवटे, सकाळच्या गणितात नसलेले. दहातोंडेबाईंनी आपला लॅपटॉप शेजारी ठेवला. मोकळ्या माळावर खऱ्या तबकडीची मापं घेऊन काढलेला आलेख त्यात होता. उंचवटे तिथेही होते, त्याच जागी.

तेवढ्यात सर आले. दोन्ही आलेख पाहून त्यांनी मुबश्शिराच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

“बघा मॅडम, ही आमचीच पद्धत.”

“कोणती?” बाईंनी विचारलं. “सकाळची, का ही?”

सरांनी मुबश्शिराकडे पाहिलं. तीही त्यांच्याकडेच बघत होती, उत्तराची वाट बघत.