मधला तुकडा

"सर, मग त्या मधल्या तुकड्याचं काय होतं?"

शेवटच्या बाकावरून माधुरीने विचारलं आणि देवळालीच्या शाळेतला दहावीचा अख्खा वर्ग मागे वळला. शेजारी बसलेल्या निकिताने पैज लावली होती, पुण्याच्या शास्त्रज्ञ पाहुण्यांना एक तरी प्रश्न विचारून दाखव. हल्ली माधुरी कुणाला हार जायची नाही.

पाहुण्यांनी फळ्यावर मण्यांच्या माळेसारखं प्रोटीन काढलं होतं. काही माळांतला मधला तुकडा आपणच आपल्याला कापून घेतो आणि जाता जाता दोन्ही टोकं जोडून देतो. सांधासुद्धा दिसत नाही. हवं ते प्रोटीन मिळवायला प्रयोगशाळेत आता हीच युक्ती वापरतात म्हणे.

"त्याचं काय व्हायचंय?" पाहुणे हसले. "काम झालं, टाकून देतो. पण एक गंमत सांगतो. त्याचा नेमका एकच मणी बदलला, की जोडकाम बंद."

पैजेची गारीगार चोखत माधुरी घरी आली.

दादा नवा शर्ट घालून बसला होता. पोलिओने पाय अधू, म्हणून आजवर मुलींकडच्या सगळ्यांनी त्याला नाकारलं होतं. एका पायाने सायकलचं पायडल मारत तोच तिला रोज शाळेत सोडायचा.

"राहात्याचे पावने पोरगी द्यायला तयार झाले," आप्पा म्हणाले. "पर साटंलोटं करू म्हन्त्यात. त्यांची पोर आपल्यात, तू त्यांच्या पोराला. तुझी परीक्षा झाली की दोन्ही बार उडवू."

माधुरीने आईकडे पाहिलं. आईही अशीच साट्यालोट्यात आली होती, मामाला बायको मिळावी म्हणून. मामाचा संसार उभा राहिला. भाऊबीजेला मात्र आई ओवाळणीचं ताट करून दाराकडे बघत बसायची. मामा यायचा नाही.

"आई, मामाचं जुळलं. तुझं काय झालं गं?"

"माझं काय व्हायचंय?" आई चुलीकडे तोंड करून म्हणाली.

गारीगारची काडी माधुरीच्या हातात तशीच राहिली.

"दोन घरं जुळतील, पोरी," आप्पा म्हणाले. "दादाकडं बघ जरा. तू फकस्त व्हय म्हन."

दादा शर्टाची बटणं चाचपत होता. मान वर करत नव्हता. माधुरीचे डोळे भरून आले, पण आवाज वर्गातल्यासारखाच निघाला.

"न्हाई, आप्पा. दादाचं मोडंल, ठावं हाय मला. पर एवढा एकच शब्द मी बदलनार."