सॉनचा जिगरी दोस्त

रविवारच्या मॅचमध्ये आमच्या गोलकीपरचा हात मोडला. मी त्याला ऑटोत बसवून समता कॉलोनीतल्या दवाखान्यात आणलं. गडी मणिपूरचा, उरला औद्योगिक भागातल्या कारखान्यात माझ्याच शिफ्टला. कोरियाचा फुटबॉलपटू सॉन ह्युंग-मिन म्हणजे माझा देव, म्हणून याचं तोंड पाहून पहिल्याच दिवशी मी याचं नाव सॉन पाडलं. त्या सॉनला परदेशात लोक डोळ्यांवरून चिडवायचे, तेव्हा मी इथून फोनवर कमेंटी टाकून त्यांच्याशी भांडलोय. आजही रस्ताभर याला त्या सॉनचंच सांगत होतो, की त्याचाही हात असाच मोडला होता, तरी त्याच मॅचमध्ये पठ्ठ्यानं दोन गोल मारले.

काउंटरवर आमच्या तात्यापारा मोहल्ल्यातली मीनल होती.

"भरती करा लागते," ती म्हणाली. "तुमचा कोण होय हा?"

"जिगरी दोस्त. चार वर्सं झाले."

"नाव?"

"सॉन."

"तसं नाही भैया. आधारवरचं पुरं नाव सांगा."

मी तिच्या पेनाकडे पाहत राहिलो.

मागून, बाकावरून तोच बोलला, "वही लिख दो दीदी. कल भैया मिलने आएंगे, तो किस नाम से पूछेंगे?"