पिठाची गोळी

"औषध लागू पडलंय, काकू!" डॉ. सानवी अजून खुर्चीत नीट टेकलीही नव्हती. "नवं लिव्हर मिळेपर्यंत रुग्ण तग धरतायत. काहींना तर आता प्रत्यारोपणाची घाईच उरलेली नाही."

चारुलताबाईंनी तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. "फार चांगलं झालं."

सानवीनं घोटभर पाणी पिऊन पेला खाली ठेवला. खरं तर ती दुसरंच काही सांगायला मुंबईहून कर्जतला आली होती. चारुलताबाईंचे यजमान, गोपाळकृष्ण सर, तिच्या संशोधनात सामील झालेले अगदी पहिले रुग्ण. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, दारूच्या थेंबाला शिवले नाहीत, तरी लिव्हर आक्रसून गेलं होतं. घरात कुणाचाच रक्तगट जुळला नाही, म्हणून नाव प्रतीक्षायादीत लागलं. तपासणीला आले की बरेच रुग्ण कुरकुरत असायचे. औषधानं तोंड कडू झालंय, घास उतरत नाही. सर त्यांची समजूत काढत बसायचे. नंबर लागायच्या आतच, गेल्या दिवाळीनंतर, ते गेले.

"काकू, निम्म्या रुग्णांना खरं औषध होतं, निम्म्यांना नुसती पिठाची गोळी. कुणाला काय मिळतंय, हे आम्हालाही शेवटपर्यंत माहीत नसतं. परवा कळलं." सानवी पुढे झुकली. "सरांना पिठाची गोळी होती. मला माफ करा."

"त्यांना ठाऊक होतं," चारुलताबाई म्हणाल्या.

"कसं शक्य आहे?"

"अगं, इतक्या जणांची तोंडं कडू, आणि हे माझ्या हातची आमटी वाट्याच्या वाट्या ओरपतायत! महिन्याभरातच ओळखलं त्यांनी. मी म्हटलं, डॉक्टरांना सांगा, बाहेर पडा, दुसरीकडे काही उपाय बघू. ऐकेचनात. आठवडाभर मी त्यांच्याशी बोलले नाही."

"पण मला कधी एका शब्दानंही..."

"सांगितलं असतं तर तू त्यांना वगळलं असतंस ना?"

सानवीनं होकारार्थी मान हलवली. तिचे डोळे भरून आले होते.

चारुलताबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "म्हणाले, 'चारू, आम्ही पिठाच्या गोळीवाले उठून गेलो, तर त्या पोरीला तिचं औषध खरं आहे हे कळणार कसं?'"