पगारी माणसं बरी

"हे वरण आहे की पोतेऱ्याचं पाणी?"

दत्तोपंतांनी डाव्या हाताने वाटी ढकलली. वरण चादरीवर सांडलं. स्वरालीने चादर ओढून काढली आणि वडिलांना कुशीवर वळवलं. चादर आज दुसऱ्यांदा बदलावी लागत होती.

दत्तोपंतांची सगळी हयात कोर्टात वकिली करण्यात गेली. अर्धांगाच्या झटक्याने उजवी बाजू गेली, जीभ मात्र शाबूत राहिली. आता उलटतपासणीला घरात एकटी स्वराली उरली होती.

स्वराली विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवायची. घरातल्या आजारी म्हाताऱ्यांची वर्षानुवर्षं चालणारी सेवा, हा तिचा संशोधनाचा विषय. ही सेवा फुकट होत नसते. घरातली कुणीतरी बाई आपली नोकरी, शिक्षण, उरलेलं आयुष्य त्यात घालते आणि ते कुठेच हिशेबात धरलं जात नाही, असं ती परिषदांमधून सांगायची. हर्सूलपासून खुलताबादपर्यंत घरोघर फिरून तिने अशा बायांच्या मुलाखती घेतल्या होत्या. त्यात स्वतःला मात्र तिने कधी धरलं नव्हतं. दिल्लीच्या एका संस्थेने याच विषयाचा देशभरचा अभ्यास चालवायला तिला बोलावलं, तेव्हा तिने नाही म्हणून कळवलं. त्यांनी पुन्हा विचारलं. ती पुन्हा नाहीच म्हणाली. वडिलांपुढे तिने यातलं अवाक्षर काढलं नाही.

दत्तोपंत पूर्वीही फटकळच होते, पण दिवाळीनंतर त्यांनी ताळतंत्रच सोडलं. कुणी भेटायला आलं की मुद्दाम तिच्यादेखत सांगायचे, "आमच्या बाईसाहेब माणसाच्या हगण्यामुतण्यावर प्रबंध लिहितात. बापाची उशी सरळ लावता येत नाही." पाहुणे ओशाळून चहा संपवायचे. ती आत जाऊन भांडी घासायची.

आज तिने नवीन चादर अंथरली, तेव्हा ते म्हणाले, "यापेक्षा पगारी माणसं बरी. पैसे दिले की निदान तोंड पाडून तरी वावरत नाहीत. त्या दौलताबादच्या वृद्धसेवा केंद्रात नेऊन टाक मला. तुझ्या हातचं नको झालंय."

स्वरालीने हातातली उशी बाजूला ठेवली.

"खरंच नेऊ, अण्णा?"

"मग काय स्टॅम्प पेपरवर लिहून देऊ?"

तिने त्याच तिरीमिरीत गाडी बोलावली. मिटमिट्यापर्यंत ते ड्रायव्हरच्या गाडी चालवण्याला नावं ठेवत होते, पुढे रस्त्यावरच्या पेरूवाल्यांना. केंद्रातल्या दोघांनी त्यांना खुर्चीवर उचलून ठेवलं, तेव्हा मात्र आवाजात साखर आली. "वा! याला म्हणतात काम. आमच्या घरी तर पोतं उचलल्यासारखं उचलतात."

स्वराली तडक ऑफिसात गेली. केंद्र सांभाळणाऱ्या सत्यभामाबाईंनी तिला पाणी दिलं. ते न पिताच ती म्हणाली, "आधीच सांगते, फार घालूनपाडून बोलतात. तुमच्या माणसांना सहन होणार नाही."

"ते?" सत्यभामाबाईंना नवलच वाटलं. "फोनवर तर लई गोड बोलत्यात."

"फोनवर?"

"व्हय. तुम्ही कॉलेजात गेलात की लावायचे. म्हणले, पोरगी माझ्यापायी दिल्लीला नाय म्हणायली. बाल्कनीत जाऊन फोनवर बोलती, तिला वाटतंय मला ऐकू येत नाय. मी म्हणलं, मग समजावून सांगा की तिला. तर म्हणले, समजावलं तर ती आणखीच घट्ट बसंल. तिनं होऊन मला सोडलं पायजे. तुम्ही फक्त जागा धरून ठेवा, बाकी मी बघतो."

स्वराली व्हरांड्यात येऊन उभी राहिली. तिच्या सगळ्या मुलाखती सेवा करणाऱ्यांच्या होत्या. अंथरुणातल्या माणसाला काय हवंय, हे तिने एकाही घरात विचारलं नव्हतं. स्वतःच्याही नाही.

ती खोलीत गेली. दत्तोपंत भिंतीकडे तोंड करून पडले होते. उशी वाकडी झाली होती. ती सरळ करायला तिचा हात पुढे झाला आणि तसाच थांबला. उशीला हात लावला असता, तर संध्याकाळी ती त्यांना घेऊन घरी परतली असती.

"गेली नाहीस अजून?" ते भिंतीलाच म्हणाले.

स्वरालीने घसा साफ केला. जन्मात कधी त्यांच्याशी काढला नव्हता, असा सूर तिने काढला.

"निघालेच आहे. सुटले एकदाची तुमच्या कटकटीतून. आता दिल्लीला जाणार आहे मी. तिथून सारखं सारखं यायला मला जमायचं नाही, सांगून ठेवते."

दत्तोपंतांनी सावकाश मान वळवली. तिच्याकडे बघितलं. तोंडाची एकच बाजू हलत होती, पण तेवढीही त्यांना आवरेना.

"आता कसं शहाण्यासारखं बोललीस," ते म्हणाले, आणि डाव्या हाताने त्यांनी पांघरूण तोंडावर ओढून घेतलं.